घोडीसाठी थांबलेला तळ

माझा नवरा सायकलवेडा. नुसता नाही, ठार वेडा. डोहाळे लागायचे मला, तर डोंगरपठारं दिसायला लागली याला! मला तिसरा महिना होता. "आत्ता नाही गेलो तर मूल झाल्यावर कुठला जातोय?" म्हणाला. आमचं ताडपत्रीचं दुकान. तंबू, ट्रकवरची आच्छादनं, असलं जाडंभरडं शिवतो. त्याच्या सायकलच्या पिशव्याही मीच शिवून दिल्या, दुहेरी टाके घालून.

रस्ता संपला तिथे त्यानं सायकल एका शाळेत ठेवली आणि मेंढपाळांबरोबर घोडीवरून पुढे गेला. चारा संपला की पालं गुंडाळायची आणि पुढच्या कुरणावर जायचं, अशी ती माणसं. टेकडीवर रेंज मिळाली की फोन करायचा. आज ढगातून गेलो, आज नदीत पडलो. "आधी कोरडे कपडे घाल, मग गप्पा मार," मी मशीनवरून ओरडायचे.

सहाव्या महिन्यात आमचं बाळ गेलं. मुलगी होती. दुकानातच पोटात कळ आली. आमचा कारागीर कापड मशीनखाली तसंच टाकून गाडी आणायला धावला. दवाखान्यातून घरी आले तरी सासूबाई माझा हात सोडेनात.

"मी सांगते त्याला. चांगला कान उपटते," त्या म्हणाल्या.

"आई, तुम्ही काही सांगायचं नाही. मी नुसतं ये म्हणेन. तेवढ्यावर आला तर तो माझा नवरा. बाळ गेलं म्हटल्यावर काय, शेजारीपाजारीही येतात."

"हा कसला हट्ट गं?"

"हट्टच आहे."

मग त्याचा फोन आला. आनंद नुसता उतू चाललेला. "अगं, माझी घोडी गाभण निघाली! इथल्या आजींनी पोटाला हात लावून सांगितलं. दिवस भरलेत म्हणे!"

"ऐक ना," मी म्हणाले. "परत ये."

"का गं? बरी आहेस ना?"

"आहे. पण ये तू. तू इथे हवा आहेस मला."

"येतोच गं. एवढी घोडी व्यायली की निघालोच."

"दुसरा घोडा घे की."

"देतील ते. पण अख्खा तळ तिच्यासाठी थांबलाय! चारा संपलाय, मेंढ्या भुकेनं ओरडताहेत, तरी एकानंही पाल उतरवलेलं नाही. आजी म्हणतात, पोटुशीला टाकून पुढे जायचं नसतं. काय माणसं आहेत बघ! मग मीच कसा निघू?"

भिंतीला टेकून खाली बसले. सासूबाई समोरून "सांग, सांग" अशा खुणा करत होत्या. इतका संताप आला की फोन भिंतीवर आपटावा. आणि तो त्या क्षणी तिथे असता तर त्याच्याच कुशीत शिरून रडले असते. "बरं," म्हणाले आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेले. कारागीर उठून उभा राहिला. "वहिनी, आज राहू द्या."

"घरी बसून काय करू? माश्या मारू?"

छातीत दूध दाटून येत होतं. ओढणी घट्ट गुंडाळली आणि शिवायला बसले. कुणासाठी येत होतं मेलं ते दूध, देव जाणे. दिवसभरात एक शिवण सरळ आली नाही. कारागिरानं त्या सगळ्या मुकाट्यानं उसवल्या.

आठवडा गेला आणि पुन्हा फोन वाजला. "झालं! मादी आहे! पडलं, धडपडलं, पण उभं राहिलं गं! उद्या तळ हलतोय, मीही निघतो. शाळेपर्यंत घोड्यावरून, पुढे सायकल. पाय तुटले तरी बेहत्तर, तुझ्या बाळंतपणाआधी दारात हजर! ऐकतेस ना?"

ऐकत होते. त्याच्यामागे कुत्री भुंकत होती, माणसं मोठमोठ्यानं हसत होती.

"सावकाश ये," मी म्हणाले. "आता काही घाई नाही."