दुपट्यातला बिल्ला

स्वयंपाकघराच्या खिडकीतून अणुवीज केंद्राची चिमणी दिसायची, म्हणून बाळाच्या प्रत्येक दुखण्याचं मूळ त्याच्या आईला आधीच ठाऊक असायचं. गुब्बूला दात उशिरा आले? चिमणी. जुलाब झाले? चिमणी. सासूबाई म्हणायच्या, "दूध उतू गेलं तरी तिच्याच नावानं बोटं मोड."

नवरा त्याच केंद्रात वेल्डर. अणुभट्टीपासून लांबच्या वर्कशॉपमध्ये. प्रत्येकाच्या छातीवर एक बिल्ला असायचा. अंगावर किती किरणं पडली ते तो मुकाट्यानं टिपून ठेवायचा आणि महिनाअखेर तपासला जायचा. घरी जाताना तो फाटकावरच ठेवायचा असा नियम. एका शुक्रवारी स्वारी विसरली आणि बिल्ला शर्टाला तसाच घरी आला.

तिला घबाडच सापडलं. कुणालाही न सांगता तिनं तो गुब्बूच्या दुपट्यात आतून टाचला. आकडा आला तर बॅग भरायची आणि सरळ माहेर गाठायचं, हे पक्कं. शनिवारी गुब्बू खोकला म्हणून दवाखाना झाला, छातीचा फोटोही झाला. त्यानं इतके हातपाय झाडले की फोटो तीनदा काढावा लागला. "खांद्याशी पिनबिन आलीय काहीतरी," डॉक्टर म्हणाले, "पण छाती साफ आहे." सोमवारी सकाळी बिल्ला गुपचूप शर्टावर परत.

महिना संपला आणि नवरा भरदुपारी घरी आला.

"बिल्ल्यावर आकडा आलाय. वर्कशॉपमध्ये आजवर कुणाला आला नव्हता."

"मी सांगत नव्हते?" तिनं बॅग खाली ओढली आणि गुब्बूचे मोजे कोंबायला घेतले.

"अगं, पुढचं ऐक. एक्स-रेची किरणं आहेत म्हणे, भट्टीची नाहीत. एक्स-रे काढलास का विचारलं, मी नाही म्हणालो. तर म्हणतात, बिल्ल्याशी खेळ केलास. चौकशी होईस्तोवर आत पाऊल टाकायचं नाही. नोकरीच जाणार बहुतेक."

तिच्या हातातला मोजा हातातच राहिला.

"मेलं माझं तोंड," ती म्हणाली आणि कपाटातून गुब्बूच्या छातीचा फोटो आणायला उठली.

तासाभरात ती गुब्बूला कडेवर घेऊन सुरक्षा अधिकारी बाईंसमोर उभी होती. बाईंनी फोटो खिडकीशी धरला. इवल्याशा बरगड्या, आणि खांद्याशी बिल्ल्याचा स्वच्छ चौकोन, क्लिपसकट. मग बाई हसता हसता चष्मा काढून डोळे पुसू लागल्या.

"म्हणजे आमच्या वर्कशॉपमध्ये या महिन्यात सगळ्यात जास्त किरणं यांनी खाल्ली," त्या गुब्बूकडे बघत म्हणाल्या. "तीही डॉक्टरांकडे."

"धोका आहे का हो?"

"एवढ्याशानं काही होत नाही."

"आणि चिमणीची किरणं?"

"असती तर बिल्ल्यानं तीही दाखवली असती. त्यांची खूण वेगळी असते."

नवऱ्याला बिल्ला घरी नेल्याबद्दल लेखी समज मिळाली आणि उद्यापासून काम. घरी आल्यावर तिनं मोजे बॅगेतून काढले. तेवढ्यात गुब्बू शिंकला. तिची मान सवयीनं खिडकीकडे वळली.

"बघ, बघ," सासूबाई म्हणाल्या, "मी इथे मिरच्या भाजतेय, पण तू चिमणीच बघ."