पुसलेला गंज

मित्रांनो, माझं वजन आठशे चाळीस किलो आहे, आणि वर्षातले तीन दिवस सोडले तर मी जागचा हलत नाही. याला आळस म्हणू नका. मी एक जुना पोलादी साचा आहे. माझ्यात पत्रा ठेवायचा, वरून प्रेसचा दाब द्यायचा, की मोटारीच्या पेट्रोलच्या टाकीचा खालचा अर्धा भाग तयार होतो.

मी जपानात, याहागी नदीकाठी, इसोगाई तोमेजी यांच्या कारखान्यात राहतो. पण मी त्यांचा नाही. माझ्या कुशीला एक पत्र्याची पट्टी ठोकलेली आहे, तिच्यावर मोटार कंपनीचं नाव आणि माझा क्रमांक आहे. आमच्या भागातले सगळे छोटे कारखानदार त्या कंपनीला ‘पालक कंपनी’ म्हणतात. पालक असल्यामुळे तिला उलट बोलायचं नसतं. पालक असल्यामुळे ती पोराला पोसते असं मात्र काही नाही.

माझ्या तरुणपणी दर नऊ सेकंदांना एक याप्रमाणे मी अकरा वर्षं टाक्या काढल्या. एकदा कंपनीच्या एका इंजिनियराने टाकीवरून हात फिरवला आणि म्हणाला, “एक सुरकुती नाही.” तोमेजींनी ते वाक्य घरी महिनाभर रोज जेवताना सांगितलं. त्यांची मुलगी चिनात्सु तेव्हा शाळेत होती. तिला अजूनही लाल मिसोचं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं, सूप समोर आलं की ते वाक्य आठवतं.

पुढे ती गाडी बंद झाली. मला वाटलं, मी सुटलो. पण साच्याला निवृत्ती नसते, त्याला फक्त कोपरा मिळतो. जुनी गाडी अजून कोणीतरी चालवत असतं, तिची टाकी कधीतरी गळते, म्हणून वर्षातून एकदा वीस-तीस नग काढायचे आणि उरलेलं वर्ष मला सांभाळायचं. माझ्यासारखे एकेक करत एकसष्ट साचे जमले. कारखान्याची एक तृतीयांश जागा आम्ही अडवली. कंपनीने भाडं देऊ केलं नाही आणि तोमेजींनी मागितलं नाही. उलट दर महिन्याच्या एक तारखेला ते तेलाचा डबा आणि फडकं घेऊन येत आणि प्रत्येकाला स्वतःच्या हाताने पुसत. “दुसऱ्याची ठेव आहे,” म्हणत. आंघोळ घातल्यासारखं वाटे. तेव्हा मी त्याला प्रेम समजत होतो. ते प्रेमच होतं, तीच तर अडचण झाली.

मग गाड्या विजेवर चालू लागल्या. विजेच्या गाडीला पेट्रोलची टाकी नसते, धुराचं नळकांडं नसतं. आम्हा एकसष्ट जणांपैकी एकाचंही तिच्यात काम नाही. कंपनीचं पत्र आलं: येत्या दोन वर्षांत टाक्यांचं काम संपेल, आजवरच्या सहकार्याबद्दल आभार. त्याच कंपनीच्या नव्या विद्युत विभागाचंही पत्र आलं: बॅटरीच्या खोक्याचं झाकण बनवाल का? त्यासाठी नवी मोठी प्रेस बसवावी लागेल. जूनमध्ये आमची माणसं जागा पाहायला येतील.

कारखान्यात एकोणीस माणसं होती. झाकणं मिळाली तर ती राहणार होती.

चिनात्सु आता बेचाळीस वर्षांची आहे. आई गेल्यावर ओसाकाची नोकरी सोडून ती इथे आली. तिने टेप घेऊन जमीन मोजली, आणि टेप येऊन माझ्या नाकाला टेकली.

“बाबा, प्रेसला जागा आहे. फक्त तिच्यावर हे लोक बसलेत.”

“ते कंपनीचे आहेत.”

“झाकणंही कंपनीचीच आहेत!”

“ते खातं वेगळं,” तोमेजी म्हणाले. खरंच वेगळं होतं. दोन्ही खाती एकाच इमारतीत, लिफ्टही एकच, पण लिफ्टमध्ये कोणी बोलत नसावं.

चिनात्सुने मालमत्ता खात्याला अर्ज केला. उत्तर आलं की मेमध्ये तपासणी होईल. नियम साधा होता. जो साचा गंजून निकामी झाला असेल तो मोडीत काढता येईल. जो वापरण्यायोग्य असेल तो पुढचा निर्णय होईपर्यंत जपावा. पुढचा निर्णय कधी होणार ते मात्र पत्रात नव्हतं.

तिने बापाला समोर बसवलं. प्रेसवरचे जुने कारागीर ओगुरी शेजारी चहा पीत होते.

“बाबा, खोटं बोलायचं नाही, तोडफोड करायची नाही. नुसतं तेल लावायचं नाही. नदीची हवा आहे, बाकीचं ती बघेल. मेपर्यंत काही करायचं नाही. जमेल?”

“त्यात न जमण्यासारखं काय आहे?”

“चिनात्सु,” ओगुरी म्हणाले, “या माणसाने लग्नाच्या दिवशीही सकाळी प्रेसला तेल दिलंय. काही न करणं त्यांना जमेल?”

“ओगुरीकाका, तुम्ही लक्ष ठेवा.”

“मी? बरं.”

ऑक्टोबर गेला, हिवाळा गेला. एक तारीख आली की तोमेजी माझ्यासमोर येऊन उभे राहत, हात मागे बांधत आणि परत जात. मार्चमध्ये माझ्या काठावर पहिला तांबूस डाग उमटला. मित्रांनो, तुम्हाला विचित्र वाटेल, पण मी खूश होतो. मला सगळं ऐकू येत होतं. माझं गंजणं म्हणजे एकोणीस घरांची चूल. इतकं उपयोगी काम मी टाक्या काढतानाही केलं नव्हतं. मी मन लावून गंजत होतो. एप्रिलअखेर माझ्या पोटात बोट फिरवलं तर तांबडी भुकटी हाताला लागे.

तपासणी सोमवारी होती. शनिवार-रविवार चिनात्सु प्रेसवाल्यांशी बोलायला नागोयाला गेली.

शनिवारी सकाळी तोमेजी झाडू घेऊन आले. पाहुणा येणार म्हटल्यावर अंगण झाडायला हवं, यात कोणाला काही वावगं दिसणार नाही. अंगण झालं. मग दरवाजा पुसला. मग काचा. मग ते आत वळले आणि दारातून पहिलं जे दिसतं ते म्हणजे मी.

“एवढा एकच,” ते स्वतःशीच म्हणाले. “समोरच आहे.”

पॉलिशपेपर माझ्या काठावरून फिरला. मी ओरडलो असतो, पण मला तोंड नाही. मी चकचकीत झालो, त्याबरोबर शेजारचा जास्तच मळका दिसायला लागला.

रविवारी ओगुरी आले तेव्हा सदतीस झाले होते.

“अहो मालक! हे काय आरंभलंय?”

“उद्या पाहुणे येणार, ओगुरी.”

“ते गंज बघायलाच येणार आहेत!”

“कळतं मला. पण येऊन माणूस म्हणेल, इसोगाईकडे दिलं आणि असं ठेवलं?”

“म्हणू दे की! पोरीला काय तोंड दाखवणार?”

तोमेजी घासत राहिले. ओगुरींनी त्यांना गाढव म्हटलं, मठ्ठ म्हटलं, म्हातारचळ लागलाय म्हटलं. मग त्यांची नजर अडतिसाव्या साच्यावर गेली. तो त्यांनी स्वतः सहा वर्षं चालवला होता.

“तो असा नाही घासायचा,” ते म्हणाले. “सरका.” आणि त्यांनी फडकं उचललं.

सोमवारी चिनात्सु दारात आली, आम्हा एकसष्ट जणांकडे तिने पाहिलं आणि पिशवी खाली ठेवली. बाप खाली मान घालून उभा होता. त्याच्या नखांत तांबडी भुकटी होती.

“बाबा,” ती म्हणाली, “हात धुऊन घ्या. साहेब येतायत.”

मालमत्ता खात्याचे कुझेसाहेब जेमतेम अठ्ठावीस वर्षांचे. त्यांनी पांढरा हातमोजा घातला, माझ्यावरून बोट फिरवलं, बोट पांढरंच राहिलं. “काय जपलंय हो!” त्यांनी एकसष्ट वेळा ‘वापरण्यायोग्य’ लिहिलं.

“मग घेऊन तरी जा,” चिनात्सु म्हणाली.

“आमच्याकडे जागा कुठे आहे? गोदामात आता बॅटऱ्या आल्यात. आणि इतक्या मायेने तिथे कोण बघणार?”

निरोप घेताना ते कमरेत वाकले. तोमेजी त्यांच्यापेक्षा खाली वाकले.

जूनमध्ये विद्युत विभागाची माणसं टेप घेऊन आली. जागा साडेसहा मीटर कमी भरली. झाकणं दूर दक्षिणेच्या क्यूशू बेटावरच्या एका नव्या कारखान्याला गेली, ज्याच्यावर कोणाच्या ठेवीचं ओझं नाही. आता इथे सात माणसं आहेत. ओगुरी त्यांच्यात नाहीत.

नोव्हेंबरमध्ये काचेच्या चौकटीत प्रशस्तिपत्र आलं: मालमत्तेच्या आदर्श जतनाबद्दल. ते माझ्या बरोबर वर टांगलंय. सोबत मागणी होती, जुन्या गाडीच्या चोवीस टाक्या.

या महिन्याच्या एक तारखेला तोमेजी आलेच नाहीत. चिनात्सु आली. तिने तेलाचा डबा उचलला. मला वाटलं, भिरकावणार. तिने फडकं भिजवलं आणि मला पुसायला लागली. चोवीस टाक्या काढायच्या होत्या आणि दुसरं काम नव्हतं.

मित्रांनो, वस्तू जपाव्यात असं तुम्हाला शाळेत शिकवतात. जरूर जपा. पण ज्याची वस्तू आहे, त्याला ‘घेऊन जा’ असं मोठ्याने म्हणायलाही शिका, आणि पाहुण्याला घरातला गंज दिसला तर दिसू द्या. आणि कधी याहागीच्या काठी आलात, तर माझी एक विनंती आहे. तुमची ओली छत्री माझ्यावर वाळत घाला.