बोंबलाला वारा, तांडेलाला वाफ

मित्रांनो, मला पाहून कुणी सरबताची बाटली म्हणते, तर कुणी बुडबुडे काढायचे खेळणे. वाईट वाटते, पण आता सवय झाली आहे. ऑक्सिजनच्या यंत्राला जी पाण्याची बाटली लावतात, ती मी. बरीच जुनी आहे. माझ्या अंगावर दोन रेषा आहेत, एक खालची आणि एक वरची. पाणी या दोघींच्या मधे असावे, एवढेच माझे जगाकडे मागणे.

बोईसरच्या एका कारखान्यात मी साच्यातून गरमागरम बाहेर पडले आणि जवळच्याच एका दवाखान्यात लागले. तिथल्या सिस्टर मंगलाताई मला रोज धुवायच्या आणि उकळून गार केलेले पाणी भरायच्या. ऑक्सिजन माझ्या पाण्यातून बुडबुड करत वर यायचा आणि जाताना थोडी वाफ सोबत न्यायचा. "हिची बुडबुड ऐकली की पेशंटला झोप लागते," असे मंगलाताई म्हणायच्या. एवढे कौतुक मला पुन्हा कधी मिळाले नाही.

काही वर्षांनी दवाखान्यात भिंतीतल्या नळीतूनच ऑक्सिजन येऊ लागला. मग एका यंत्राबरोबर माझी रवानगी झाली सातपाटीला, विश्राम तांडेलांच्या घरी. विश्रामकाकांनी चाळीस वर्षे बोट चालवली आणि तेवढीच वर्षे विड्या ओढल्या. बोट शाबूत राहिली, फुफ्फुसे राहिली नाहीत. डॉक्टरांनी रोज पंधरा तास ऑक्सिजन घ्यायला सांगितला होता. यंत्र घरातलीच हवा ओढायचे आणि तिच्यातला नायट्रोजन गाळून बाजूला काढायचे. त्या गाळण्यात बिचारी वाफही अडकायची. त्यामुळे बाहेर येणारा ऑक्सिजन अगदी पापडासारखा कोरडा. त्याला ओलावा द्यायचे काम माझे.

या कामावरून माझे वाकडे आले ते नर्मदाकाकूंशी, म्हणजे विश्रामकाकांच्या पत्नीशी. बोंबील सुकवण्यात त्यांचा हात धरणारे गावात कुणी नव्हते. सकाळी अंगणात उभ्या राहून त्या हवा नुसती हुंगायच्या आणि सांगायच्या, "आज वाऱ्यात पानी हाय. बोंबील टाकू नका." मित्रांनो, शाळेत तुम्ही हवेची वाटणी शिकता, नायट्रोजन अठ्ठ्याहत्तर, ऑक्सिजन एकवीस. त्या वाटणीत वाफेचे नाव नसते, कारण शंभरात कधी तिचा एक वाटा असतो तर कधी तीन. तिचा नेम नाही. काकू शाळेत फारशा गेल्या नव्हत्या, पण वाफ किती आली हे त्यांचे नाक बिनचूक सांगायचे. ती जास्त आली की बोंबील कुजतात, हेही त्यांना पक्के ठाऊक होते.

आणि अशा बाईच्या घरात मी दिवसभर तिच्या नवऱ्याच्या नाकात वाफ सोडत बसले होते.

तिसऱ्याच दिवशी काकूंनी मला उचलले. "ओल्या वाऱ्यात बोंबील कुजतो, मग मानसाची छाती नाय कुजनार?" असे पुटपुटत त्यांनी माझे पाणी परसातल्या अळवाला घातले, मला फडक्याने खडखडीत कोरडे केले आणि जागेवर लावून टाकले. माझी बुडबुड बंद झाली. मंगलाताई दर गुरुवारी काकांना तपासायला यायच्या, म्हणून गुरुवारी सकाळी मला पाणी मिळायचे. आठवड्यात एक दिवस नोकरी आणि सहा दिवस नुसती हजेरी.

काकांच्या नाकात खपल्या धरल्या. मग रक्त येऊ लागले. कफ डिंकासारखा घट्ट झाला. "वारा हाय का काचेचा भुगा?" काका वैतागले. "दर्यावर चाळीस वर्सं फुकटचा वारा घेतला, नाक कदी फुटलं नाय. मशीन परत धाड."

रविवारी त्यांनी नळी काढून फेकली. या बोटीवरून त्या बोटीला हाक मारणारा तो माणूस मंगळवारी एक वाक्य धड पुरे करू शकेना. नखे निळसर पडली. मी समोरच होते, पण पाण्यावाचून मला आवाज नाही. मित्रांनो, त्या दिवसाइतकी लाचार मी कधीच नव्हते. शेवटी घाबरून काकूंनीच मंगलाताईंना फोन केला. त्या गडबडीत मला भरायचे त्या विसरल्या.

मंगलाताईंनी आल्या आल्या काकांच्या बोटाला रक्तातला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला. शंभरात ब्याऐंशी, म्हणजे फारच कमी. त्यांनी झटकन नळी नाकाला लावली आणि मग त्यांचे लक्ष माझ्याकडे गेले.

"काकू, यातलं पाणी कुठं गेलं?"

"अळवाला."

"कधीपासून?"

"गुरवार सोडून रोज," काकू खालच्या आवाजात म्हणाल्या.

मंगलाताई रागावल्या नाहीत. त्यांनी मला धुतले, रेषेपर्यंत भरले आणि म्हणाल्या, "आपलं नाक प्रत्येक श्वास ओला करूनच छातीत पाठवतं. तिथं पोचेपर्यंत शंभरातले सहा वाटे वाफेचे होतात. ऑक्सिजन जरा सरकून तिला जागा देतो, कारण आतलं अस्तर ओलं असलं तरच तो त्यात विरघळून रक्तात उतरतो. तुम्ही कोरडा वारा दिलात. मग ते सगळं पाणी काकांच्या नाकानं कुठून आणायचं?"

"पन बोंबील..." काकू अडून राहिल्या.

तेव्हा काकाच बोलले, थांबत थांबत. "नर्मदे, जाळ्यातून काडलेला मासा... वाऱ्यातच असतो ना? मग तोंड वासून... मरतो कशाला?"

काकूंनी नवऱ्याच्या उघड्या तोंडाकडे पाहिले. "कल्ले सुकतात," त्या हळूच म्हणाल्या.

"मग? सुकवायचा तो मेलेला मासा. मी अजून ताजा हाय."

दुसऱ्या दिवसापासून काकू बदलल्या. जरा जास्तच बदलल्या. त्यांनी मला गळ्यापर्यंत भरले. पाणी नळीतून सरळ वर चढले आणि काका शिंकत उठले. "नाकात भरती आली, पानी कमी कर!" त्यानंतर मात्र काकूंना माझ्या दोन्ही रेषा पाठ झाल्या. आठवडाभरात काकांच्या नाकाचे रक्त थांबले, आणि पंधरवड्याने त्यांची हाक शेजारच्या हिराबाईंच्या ओट्यापर्यंत पोचू लागली. हिराबाईंनी तक्रारही केली.

आता माझ्या झाकणाला चीर गेली आहे आणि माझ्या जागी नवी बाटली आली आहे. मी खिडकीत बसून असते. काकू मात्र सुक्या बोंबलांची टोपली घेऊन खाडीपलीकडच्या मुरबे गावापर्यंत विकायला जातात, आणि ज्या घरात असे यंत्र आहे तिथे आधी आत शिरतात. "बोंबील मागून बगा. पयली बाटली दाकवा," असे दरडावतात. पाणी शिळे दिसले तर स्वतः ओतून टाकतात.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणाला माझ्यासारखी बाटली लागली असेल, तर तिला रोज धुवा. उकळून गार केलेले पाणी दोन रेषांच्या मधे भरा. ती बोलायची थांबली, तर आधी तिच्याकडे पाहा. तिला पाणी लागते, कारण तुमच्या माणसाच्या श्वासाला ते लागते.