वंदनेनंतरची साक्ष

विमलाबाई पगारे यांचा कुणावरच विश्वास नव्हता, आणि त्या सकाळी तर मुळीच नव्हता. कोर्टाच्या व्हरांड्यात सरकारी वकिलानं समोरच्या कोठावदे वकिलाची तंबाखू घेतली, तेव्हाच त्यांच्या मनात पाल चुकचुकली. फुकटची तंबाखू कुणी कुणाला देतं का? पोरीला शेजारच्या कुसाबाईकडं ठेवून आल्या होत्या. "जा की बिनघोर, मी हाय ना," असं कुसाबाई फारच आनंदानं म्हणाली होती. एवढा आनंद कशाचा? कुसाबाईचा नवरा आणि पुंजाराम एकाच कचेरीत कारकून, हे काय विमलाबाई विसरल्या होत्या?

पुंजाराम म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, आणि या खटल्यातला आरोपी. बायको वारल्यावर तो नऊ वर्षांच्या यशोधराला एकटाच सांभाळत होता. सांभाळत होता म्हणायचं आपलं. एका सकाळी दूध उतू गेलं म्हणून त्यानं चिमटा तापवून पोरीच्या हाताला डाग दिला. विमलाबाईंनी पोरीला उचललं, सिव्हिल हॉस्पिटलात नेलं, आणि तिथून थेट पोलीस चौकी गाठली. सख्ख्या भावावर केस केली म्हणून वसाहतीतल्या निम्म्या बायका त्यांच्याशी बोलेनाशा झाल्या. पोर पेटत्या स्टोव्हवर पडली, असं पुंजारामचं म्हणणं. मॅजिस्ट्रेटनं पोरीवर विश्वास ठेवला आणि त्याला दीड वर्षाची सजा दिली. त्यावर त्यानं सेशन कोर्टात अपील केलं. जामिनावर होताच. आज तो सुटला, तर संध्याकाळी दारात येऊन पोरीचा हात धरून घेऊन जाणार. बाप तो. आत्याला कोण विचारतो?

म्हणून तर विमलाबाईंनी पोरीची तयारी करून घेतली होती. खालच्या कोर्टात तारखेवर तारीख पडत गेली, अठ्ठ्याहत्तर साल उजाडलं तरी साक्षीचा पत्ता नाही. लहान पोर, विसरली म्हणजे? विमलाबाई नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका. रोज घोकलेलं पोरं विसरत नाहीत, हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव. मग रोज दिवेलागणीला बुद्धमूर्तीपुढं त्रिशरण-पंचशील झालं, की त्याच बैठकीत त्या यशूकडून साक्ष म्हणून घ्यायच्या. पोर मेणबत्तीसमोर हात जोडून बसलेलीच असायची. यात काही वावगं आहे असं त्यांच्या मनातही आलं नाही. खोटं थोडंच शिकवत होत्या? सगळं खरंच होतं. बहुतेक सगळं.

यशूची साक्ष झाली तेव्हा त्या स्वतः पुढच्या साक्षीदार, म्हणून शिपायानं त्यांना बाहेर बसवलं होतं. पोर बाहेर आली तेव्हा त्यांनी विचारलं, "नीट सांगितलंस ना?" ती म्हणाली, "सगळं म्हटलं." विमलाबाई खूश झाल्या, आत जाऊन आपलीही साक्ष देऊन आल्या आणि मग तिला उसाचा रस पाजून घरी घेऊन आल्या.

आज मात्र सगळ्यात मागच्या बाकावर बसून त्यांना पहिल्यांदाच ऐकायला मिळालं, की आत काय घडलं होतं.

कोठावदे वकील आवाज न चढवता बोलत होते, आणि विमलाबाईंना अशाच माणसांची जास्त धास्ती वाटायची. "साहेब, मॅजिस्ट्रेटसाहेबांनी स्वतःच नोंद केलीय. साक्षीदार मुलगी हात जोडून, डोळे मिटून, एका सुरात सांगत आहे. पुढं उलटतपासणीत मी विचारलं, बाळ, हे तू कुठं शिकलीस? मुलगी म्हणते, घरी. वंदना झाली की आत्या रोज म्हणून घेते." वकिलांनी कागद खाली ठेवला. "साहेब, ही काय साक्ष म्हणायची? ही पाठ केलेली प्रार्थना आहे. अशा पढवलेल्या पोरीच्या शब्दावर एका बापाला तुरुंगात घालायचं?"

पुढच्या बाकांवर कुणीतरी हसलं. विमलाबाईंच्या कानशिलाला आग लागली. पोरीनं हात जोडले? त्यांना स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. सरकारी वकील ढिम्म. तंबाखू बोलतेय, दुसरं काय! जज्जसाहेब काही लिहून घेत नव्हते, पेन्सिलीला टोक काढत बसले होते. ज्यानं आधीच ठरवून टाकलंय तो कशाला लिहील? यालाही कुणीतरी भेटून गेलं असणार, असं विमलाबाईंनी तिथल्या तिथं पक्कं करून टाकलं.

"आणि शेवटचं," कोठावदे म्हणाले. "सरतपासणीत मुलगी सांगते, बाबांनी याआधीही डाग दिला होता, पण मी भीत होते म्हणून कुणाला सांगितलं नाही. मी उलटतपासणीत तेवढंच धरलं. विचारलं, खरंच कुणाला नाही सांगितलंस? तर मुलीनं जोडलेले हात सोडले, असंही मॅजिस्ट्रेटसाहेब नोंदवतात, आणि म्हणाली…" त्यांनी चष्मा सारखा केला. "'सांगितलं होतं. आत्याला सांगितलं होतं. पायाला भाजलं तेव्हा. आत्या म्हणाली, बापाचं असं बाहेर सांगू नये, लोक हसतात. मग तिनं खोबरेल तेल लावलं आणि मला परत बाबांकडं नेऊन सोडलं.' एकाच साक्षीत दोन तोंडं, साहेब. यातलं खरं कुठलं?"

पुढच्या बाकावरून पुंजाराम मान वळवून विमलाबाईंकडं बघत होता. तो खालच्या कोर्टात हजर होता. त्याला हे तेव्हापासून ठाऊक होतं.

जज्जसाहेबांनी पेन्सिल खाली ठेवली. "वकीलसाहेब, मुलीला पढवलं कुणी?"

"आत्यानं. मुलगीच सांगते."

"मग हे आत्याबद्दलचं कुणी पढवलं?"

कोठावदे पुन्हा कागद चाळू लागले.

"आत्या शपथेवर सांगते की मला आधी काहीच माहीत नव्हतं. पढवताना तिनं नेमकं हेच गाळलं," जज्जसाहेब सावकाश म्हणाले. "आणि मुलगी हात सोडून नेमकं तेच बोलते. पाठांतर जिथं संपलं, तिथून पुढं मुलगी स्वतःचं सांगते आहे. मला तेवढं पुरे."

सजा तरी कमी करा, नोकरी जाईल, शेवटी बाप आहे, असं कोठावदे बोलून पाहत होते. जज्जसाहेबांनी हात वर केला. "बाप आहे, म्हणूनच ती त्या घरात होती. दुसरं कुणी असतं तर पळून बापाकडं गेली असती. हे मी कमी करायला धरू, की वाढवायला?" मग त्यांनी लघुलेखकाला मजकूर सांगितला. अपील फेटाळलं, दीड वर्षाची सजा कायम. आत्याची साक्ष आपण विचारात घेतलेली नाही, कारण ती खरी नाही. एवढ्या सगळ्यांत विश्वास ठेवावा अशी एक मुलगीच आहे.

शिपाई पुंजारामजवळ येऊन उभा राहिला. सरकारी वकील जाता जाता म्हणाला, "जिंकलो की बाई!" बिचाऱ्याला वाटलं, बाई आनंदानं रडताहेत.

बसमध्ये विमलाबाई सगळा रस्ता लाजेनं खाली मान घालून बसल्या. पायाच्या त्या डागाला तेल लावताना आपण पोरीच्या तोंडाकडं बघितलंच नव्हतं, हे त्यांना आठवलं. आपल्याला भावाच्या अब्रूची पडली होती. आज कोर्टातल्या सगळ्यांना आपण संशयानं पिंजून काढलं, एक स्वतःलाच तेवढं वगळलं, हेही कळलं.

कुसाबाई दारातच बसली होती. "लय गुणाची पोर हाय हो. पन सकाळपासून त्या पिशवीपासून हालली नाय."

यशू आत भिंतीला टेकून बसली होती. तिची कापडी पिशवी मांडीवर होती. त्यात तिचे दोन्ही फ्रॉक, पाटी आणि फणी भरलेली.

"बाबा नाही येणार," विमलाबाई म्हणाल्या. "तू इथंच राहणार." विमलाबाई तिच्यासमोर फरशीवर बसल्या. "यशू, तू कोर्टात माझ्याबद्दल बोललीस. पायाला भाजलं होतं ते. ते खरंच होतं गं, चांगलं केलंस. पण मला का नाही सांगितलंस, असं बोलले म्हणून?"

यशूनं पिशवीचे बंद घट्ट धरले. ती म्हणाली, "आधी एकदा सांगितलं, तर तू नेऊन सोडलंस ना."

विमलाबाईंनी तिच्या पिशवीला हात लावला नाही. पोर सोडीपर्यंत त्या तिथंच बसून राहिल्या.