कुलपाच्या घशातले पाणी

मित्रांनो, मी एक जुने कुलूप आहे. पेटीचे नाही, कपाटाचेही नाही. एका निळ्या मोटारीच्या दाराचे. माझ्या पोटात पितळेच्या आठ बारीक पट्ट्या आहेत. योग्य किल्ली आत आली की आठही पट्ट्या एका रेषेत येतात आणि मी वळतो. त्यांतली एक जरी केसाएवढी अडली, तरी सगळे अडते.

कारखान्यात मला तेल लावून शंभर वेळा फिरवून पाहिले होते. मग मी ओल्ट नदीच्या खोऱ्यात, मोझेश सुताराच्या अंगणात आलो. इथे जानेवारीत माणसाच्या मिशांवर श्वास गोठतो. दुसऱ्या बाजूच्या दाराचे कुलूप पहिल्या पाच वर्षांतच निकामी झाले. तेव्हापासून बाहेरून दार उघडायचे, तर ते फक्त माझ्याकडूनच.

मोझेश माझी काळजी आपल्या पद्धतीने घेई. हिवाळ्यात रोज संध्याकाळी तो पालिंका, म्हणजे घरी गाळलेली आलुबुखाऱ्याची दारू, टोपणभर माझ्यात ओते.

"अरे मोझेश, कुलपाला पाजतोस आणि शेजाऱ्याला विचारतही नाहीस!" शेजारचा देनेश कुंपणावरून ओरडे.

"कुलूप पिऊन बडबडत नाही. तुझं तसं आहे का?"

त्या दारूने माझा घसा जळे, तेलही धुऊन जाई. पण ती निम्मी मद्यार्क होती, आणि अशी दारू उणे तीसलाही गोठत नाही. वीस हिवाळे मी एकदाही अडलो नाही. देनेश माझे कौतुक करी, मोझेश स्वतःचे.

मागच्या ऑक्टोबरात डॉक्टरांनी मोझेशला सांगितले, की हृदय कमजोर झाले आहे, दारू बंद. "रोजचा एक पेला, तोही सोडू?" तो घरी येऊन चिडला. त्या रात्रीही त्याची बायको इल्का हिने पेला त्याच्यापुढे ठेवला. तिने गुपचूप बाटलीत पाणी मिसळायला सुरुवात केली. आधी वाटीभर, मग त्याहून जास्त.

हे सर्वांत आधी मला कळले. घसा जळेनासा झाला. दारूतला मद्यार्क लवकर उडून जाई आणि पाणी तेवढे पट्ट्यांच्या फटीत साचत राही.

मग कडाक्याच्या थंडीची पहिली सकाळ आली. पारा उणे चोवीसवर होता. न्याहारीला पाव कापता कापता मोझेशने छाती दाबून धरली. इल्काने फोन केला. रुग्णवाहिका लांबच्या गावी गेली होती, यायला दीड तास लागणार होता. चीकसेरेदा शहरातले रुग्णालय मोटारीने वीस मिनिटांवर. देनेश पहाटेच लाकडे आणायला जंगलात गेलेला. इल्काने मोझेशला कोट चढवून अंगणातल्या पायरीवर बसवले आणि किल्ली माझ्यात घातली. ती अर्ध्यावरच थांबली.

"बाटली आण. ओत त्यात," मोझेश धापा टाकत म्हणाला.

ती बाटली घेऊन आली, पण हात पुढे होईना.

"अगं, उभी काय राहिलीस?"

थोडी तरी दारू उरली असेल, असे तिला वाटले असावे. तिने ओतली. जे काही होते ते माझ्या पोटात उतरले आणि तिच्या डोळ्यांदेखत पांढरे झाले. आता किल्ली अर्धीसुद्धा आत जाईना.

"दे इकडे, मी पिळतो." मोझेश उठू लागला.

"नका! आतच तुटेल ती!"

"माझी दारू असताना कुलूप कसं—"

"तुमची दारू नाही ती! पाणी आहे. ऑक्टोबरपासून मीच घालतेय."

मोझेश पुन्हा पायरीवर टेकला. ओठ निळे पडले होते, तरी तो हसला. "मला वाटलं माझी जीभच म्हातारी झाली. देनेशला सांगत सुटलो, यंदाचे आलुबुखारे पुळचट निघाले म्हणून."

इल्का हसली नाही. ती स्वयंपाकघरात धावली आणि लोकरी मोज्यात धरून किल्ली चुलीवर तापवून आणली. आत घातली, धरली. वितळलेले पाणी बाहेर पाझरले. पुन्हा चुलीकडे, पुन्हा माझ्याकडे. दरवेळी एखाददुसरी पट्टी सुटे. मी जीव खाऊन वळायला पाहत होतो, पण कुलपाचा जीव तो केवढा? मोझेशचा श्वास मला शिट्टीसारखा ऐकू येत होता.

पाचव्यांदा मी वळलो. दाराचे रबर गोठलेले होते. ती ओढत बसली नाही. आधी खांद्याने दार आत दाबले, बर्फ कडकडला, मग दार उघडले.

रुग्णालयाच्या दारात त्याला आत नेले, तेव्हा ती मला उघडेच टाकून त्याच्यामागे धावली. दुपारी ती एकटी परतली आणि आत बसली.

"वाचले," ती कुणाला तरी फोनवर म्हणाली. "पण डॉक्टर म्हणतात, अर्धा तास आधी आणलं असतं तर..." तिने फोन ठेवून दिला. मोझेश आज चालतो-फिरतो, पण रंधा आता त्याच्याने उचलवत नाही.

मित्रांनो, थंडी पडण्याआधी आमच्या घशात तेलाचे दोन थेंब सोडा. पाणी कधीच घालू नका, गरमही नको. तेही शेवटी गोठतेच. आणि कुणाच्या भल्यासाठी काही करत असाल, तर ते त्याला सांगून करा. तो रागावेल, भांडेल, भांडू द्या. मला ऑक्टोबरपासून सगळे कळत होते, पण कुलपाला बोलता येत नाही. तुम्हाला येते.