खिशातली चिठ्ठी

माझं इस्त्रीचं दुकान. इस्त्री फिरवण्याआधी मी प्रत्येक खिसा चाचपते, हे घरात सगळ्यांना ठाऊक.

सोमवारी सुनेच्या कुर्त्याच्या खिशात घडी घातलेली चिठ्ठी सापडली. माझ्याच चहाड्या असणार! उघडायला हात शिवशिवायला लागले. "प्रभू येशू, आवर मला," म्हटलं आणि चिठ्ठी गुपचूप तिच्या उशाशी ठेवली.

मंगळवारी तीच चिठ्ठी पुन्हा खिशात. बुधवारीही! जीव टांगणीला लागला, पण घडी उलगडली नाही.

गुरुवारी सून दुकानातच आली आणि चिठ्ठी माझ्या हातात कोंबली. "आई, किती हो तो चांगुलपणा! तुमच्यासाठीच ठेवत होते. तोंडाने सांगायला लाजत होते."

मी घडी उलगडली. आत तीनच शब्द होते.

"आजी, येऊ का?"