बारावा अध्याय

लढाईमुळं रॉकेल कुपनावर आलं आणि सिद्धोबाच्या देवळातला कंदील रोज तासभरच जळू लागला. त्या तासात पोथी वाचायची की वर्तमानपत्र, यावरून त्या श्रावणात गावात वाद लागला.

पोथीचा अर्थ सांगायचं काम आकाराम वीस वर्षं करत होता. ओव्या वाचायचे शाळेचे गोपाळकृष्ण मास्तर, आणि अर्थ सांगायचा आकारामनं. गावाची रीत तशीच होती. वाचणाऱ्यानं अर्थ सांगायचा नाही, अर्थ सांगणाऱ्यानं वाचायचं नाही. जुनी माणसं म्हणायची, दोन्ही कामं एका तोंडाकडं गेली की माणूस आपल्या सोयीचं तेवढंच वाचतो. आकारामला अक्षर ओळखीचं होतं, पण वीस वर्षांत त्यानं पोथीला हात लावला नव्हता.

चैत्रात त्याची बायको अंजना गेली. तीन दिवस ताप आला आणि चौथ्या दिवशी संपलं. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली होती, "हरभऱ्याची डाळ वाळत घातलीया, आत घ्या." त्यानं घेतली नाही. तिच्या मागं डाळ तशीच पत्र्यावर आठ दिवस पडून राहिली आणि चिमण्यांनी खाल्ली. मुलगा आणि सून सांगलीला होते. "चला तिकडं," म्हणाले. हा गेला नाही. का गेला नाही, ते त्यालाही सांगता आलं नसतं. सकाळी उठायचं, बैल सोडायचे, दुपारी स्वतःच चार भाकऱ्या थापायच्या. त्यातल्या दोन उरायच्या. दोन माणसांचा हिशेब हाताला बसलेला होता, आणि तो मोडायची ताकद त्याच्यात नव्हती.

श्रावण लागला तसा मास्तरांनी निरोप धाडला. तो नेहमीच्या जागी, खांबाला टेकून बसला. अकरा दिवस अकरा अध्याय झाले. बाराव्या दिवशी मास्तर पोथी उघडत होते, तेव्हा आकाराम त्यांच्याकडं वाकून हळूच म्हणाला, "मास्तर, आज तेरावा घ्या."

मास्तर साताऱ्याचे, समजूतदार माणूस. त्यांनी एकदा त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि पानं उलटली. बाराव्यात राणी मरते. राजा लढाईवरून परत येतो, त्याला कुणी सांगत नाही, आणि तो जेवायला बसतो. तेराव्यात यज्ञ आहे, दानधर्म आहे. तेरावा सोपा. कंदील मिणमिणत होता, माणसं पेंगत होती. कुणाच्या ध्यानात आलं नाही, असं आकारामला वाटलं.

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी भाऊसोनं विषय काढला. भाऊसो सांगलीला कॉलेजात होता. बेचाळीसच्या गडबडीत कॉलेज सोडलं, चार महिने तुरुंगात काढले आणि आता गावात होता. कोळशावर चालणाऱ्या मोटारीनं सांगलीहून वर्तमानपत्र यायचं, ते तो पारावर उन्हात वाचून दाखवायचा. पण दिवसा माणसं रानात असायची.

"माझं म्हननं एवढंच हाय," भाऊसो उभा राहून म्हणाला, "गावातली बावीस पोरं लढाईवर हायती. कुठं काय चाललंय, कुठलं गाव पडलं, हे कळाया नगं? आपण रोज काय ऐकतो? तर राजा रथात बसला, राजानं दान दिलं. आता राजं राहिलंत कुठं?"

"सांगलीला हाय की एक," मागून कुणीतरी म्हणालं, आणि देऊळ हसलं.

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "भाऊसो, तू शिकलेला. वर्तमानपत्र आज वाचलं की उद्या त्यात भजी बांधतात. ही पोथी तीनशे वर्षं लोक वाचताहेत. अभिजात वाङ्मय कालातीत असतं."

"कालातीत म्हंजी ज्याचा काळ होऊन गेला त्येच न्हवं का, मास्तर?"

पुन्हा हसणं झालं. मास्तरही थोडे हसले. मग ते म्हणाले, "बरं, मी नोकरीचा माणूस, आज इथं, उद्या बदली. आकारामरावांना विचारा. वीस वर्षं त्यांनी अर्थ सांगितलाय."

सगळ्यांनी खांबाकडं बघितलं. भाऊसोही जरा सावरून उभा राहिला. आकारामतात्या आता तासभर बोलणार, हे गृहीतच होतं. बोलायला लागला की आत्मा, देह, माया करत तो अशी मांडणी करायचा की रानातून दमून आलेला माणूसही मान डोलवायचा.

"वर्तमानपत्रच वाचा," आकाराम म्हणाला.

कुणाला कळलंच नाही.

"म्हंजी, तात्या?"

"म्हंजी काय? ह्यो पोरगा बरूबर बोलतोय. वीस वर्सं मी अर्थ सांगितला. लोकांच्या घरात माणूस मेलं की मला बोलवायचे, मी सांगायचो, देह हा कापडागत हाय, आत्मा मरत न्हाई. माझ्या घरात माणूस गेलं तवा एक ओवी कामाला आली न्हाई. एकसुदीक न्हाई. मग कशाला रॉकेल जाळताय?"

तो रागानं बोलला नाही. दिवसभर पाणी ओढलेला माणूस दोर खाली ठेवतो तसा बोलला. भाऊसोला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. तो खाली बसला.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं आवाज आला.

"कामाला कशी येईल, भावजी? तुमी ती वाचलीच न्हाई."

हरणाबाई बोलत होती. आकारामच्या चुलतभावाची विधवा. तिचा एकुलता एक मुलगा जोतिबा पलटणीत होता, आणि वैशाखात तार आली होती की तो इटलीकडं बेपत्ता आहे. मेला असं नाही, जिवंत आहे असंही नाही.

"अकराव्यावरनं तेराव्यावर गेलासा," ती म्हणाली. "मी म्हनलं, बायको जाऊन चार म्हैनं झालं न्हाईत, उद्या घेतील. उद्या न्हाई, परवा न्हाई. मी जोतिबासाठी नवस बोलले हाय, सबंद पोथी ऐकीन आन् पारन्याला गाव जेवू घालीन. आता ही पोथी भोकाची झाली. माझं बोलणं कुठनं पुरं व्हायचं?"

आकारामनं मान वर केली नाही. मास्तर म्हणाले, "चूक माझी आहे, पानं मी उलटली," पण ते कुणी ऐकलं नाही. कंदिलाची वात तडतडली आणि रॉकेल संपलं. माणसं अंधारातच पायताणं चाचपत घरी गेली.

आकारामला त्या रात्री झोप लागली नाही, पण त्यात नवं काही नव्हतं. वाईट वेगळ्याच गोष्टीचं वाटत होतं. त्यानं आपलं दुःख झाकायला पान उलटलं आणि ते दुसऱ्या बाईच्या गळ्याला फास होऊन बसलं. तिच्याकडं पोराचं म्हणून एवढं एकच उरलं होतं, एक शब्द देवाला दिलेला. तोही ह्यानं मोडला होता.

सकाळी तो मास्तरांकडं गेला, तर घराला कुलूप. मास्तरांच्या बायकोचे, शरयूबाईंचे, दिवस भरले होते. ते पहाटेच्या मोटारीनं साताऱ्याला गेले होते, आठ दिवस येणार नव्हते. पोथीची समाप्ती अमावस्येला, आणि ती तीन दिवसांवर. पोथी शेजाऱ्यांकडं ठेवलेली होती, लाल फडक्यात बांधून. आकाराम ती काखेत घेऊन बराच वेळ रस्त्यात उभा राहिला. स्वतः वाचली असती, पण रीत आडवी येत होती. आणि रीत खरीच होती. आपल्या सोयीचं वाचणं म्हणजे काय, ते त्यानं करून बघितलं होतं.

भाऊसो पारावर वर्तमानपत्र पसरून बसला होता.

"भाऊसो, एक काम हाय."

"बोला तात्या."

"बारावा वाचायचा हाय. हरणावैनीच्या घरी, दुपारी. उजेडात. रॉकेल लागायचं न्हाई."

भाऊसोनं पोथीकडं बघितलं. "मी? तात्या, काल मीच—"

"तूच. गावात दुसरं कोन हाय वाचणारं? आन् तुला पटाया पायजे असं कुठं हाय? वाचायचं हाय निस्तं."

"चुकलो तर?"

"चुकलास तर चुकलास. म्या लय चुकलोय."

दुपारी दोघं हरणाबाईच्या सोप्यात बसले. आत चुलीवर काहीतरी शिजत होतं. तिनं हात पुसले, भिंतीला टेकली आणि पदर सारखा करून म्हणाली, "पैल्यापासनं. एक ओवी सोडायची न्हाई."

भाऊसो सुरुवातीला अडखळला. जुने शब्द, तुटक ओळी; तो वर्तमानपत्रासारखं भराभर वाचायला जायचा आणि पाय अडकल्यासारखा थांबायचा. आकाराम दर पाच-सहा ओव्यांनी अर्थ सांगत होता, जमेल तसा, दोन-दोन वाक्यांत. राजा परत येतो. वेशीवर लोक उभे आहेत, पण कुणी डोळ्याला डोळा भिडवत नाही. वाड्यात सगळं जागच्या जागी आहे. राजा हातपाय धुतो आणि जेवायला बसतो. आचाऱ्याला सांगायचं धाडस होत नाही, म्हणून तो रोजच्यासारखी दोन ताटं वाढतो.

भाऊसोनं पुढची ओवी वाचली:

"ताट वाढिलें दोघांचें । आसन रितें एकाचें ।
बोल न फुटे वाचेचे । अन्न निवोनि गेलें ॥"

आणि तो थांबला. आता अर्थ सांगायचा होता.

ह्याच ओवीवर आकाराम दरवर्षी अर्धा तास बोलायचा. ताट म्हणजे देह, आसन म्हणजे जीव, अन्न म्हणजे वासना, ती निवली पाहिजे. लोकांना ते फार आवडायचं. अंजनाला मात्र कधी आवडलं नाही. घरी आल्यावर चुलीपुढं बसून ती म्हणायची, "आवं, त्येची बायको मेली. त्येला जेवन गेलं न्हाई. एवढंच तर हाय. त्यात जीव, वासना कशापायी घालता?" तो हसायचा. म्हणायचा, तुला काय कळतंय पोथीतलं. दरवर्षी हेच. वीस वर्षं ती हेच सांगत होती आणि तो दरवर्षी हसत होता.

"तात्या?" भाऊसो हळू म्हणाला.

आकारामनं तोंड उघडलं. जुना अर्थ जिभेवर पाठ होता, आला असता. त्यानं तो येऊ दिला नाही.

"त्येची बायको मेलीया," तो म्हणाला. "त्येला जेवन जात न्हाई." मग म्हणाला, "एवढाच अर्थ हाय."

हरणाबाईनं मान हलवली. ती रडली नाही. "व्हय," म्हणाली. "एवढाच हाय."

भाऊसोनं पुढच्या ओव्या वाचल्या. आता तो भरभर वाचत नव्हता. राणीच्या दहनाच्या ओव्या आल्या, राजाच्या मौनाच्या आल्या. आकारामनं काही ठिकाणी अर्थ सांगितला, काही ठिकाणी नुसतं "कळतंय ते" म्हणाला. अध्याय संपला तेव्हा ऊन सोप्याच्या उंबऱ्यावरून खाली उतरलं होतं. भाऊसो पोथी बांधू लागला आणि फडक्याची गाठ उलटी मारली. आकारामनं ती सोडून नीट मारून दिली.

"तात्या, एक विचारू?" भाऊसो म्हणाला. "काल तुमी म्हनला, एक ओवी कामाला आली न्हाई. आज आली का?"

आकारामनं विचार केला. खोटं बोलायचं त्याला बळ नव्हतं.

"दुःख हाय तेवढंच हाय," तो म्हणाला. "कमी न्हाई झालं. पर तीनशे वर्सांपूर्वी कुनाचंतरी असंच झालं हुतं, आन् त्येनं ते सरळ लिवलं हुतं. वाकडं म्या केलं."

"मग देवळात काय वाचायचं?"

"वर्तमानपत्र. ठरलंय की. पोरं लढाईवर हायती, कळाया पायजे. पोथी दुपारची वाचू, कोन आलं तर. न्हाई आलं तर न्हाई."

"मी वाचायला यीन," भाऊसो म्हणाला, आणि लगेच भर घातली, "मास्तर येईपातूर."

हरणाबाई आत गेली होती. भांड्यांचा आवाज आला. ती जोतिबासाठी रोज एक ताट वाढते, हे सगळ्या आळीला माहीत होतं. तार आल्यापासून एक दिवस चुकला नव्हता. दिवस मावळेपर्यंत ते चुलीजवळ तसंच असायचं, आणि मग ती ते गाईला घालायची. कुणी तिला काही म्हणत नसे.

ती ताट घेऊन बाहेर आली. बाजरीची भाकरी, हुलग्याची आमटी, कांदा. वाफ येत होती. ती क्षणभर दारात थांबली, ताटाकडं बघितलं आणि मग ते आकारामच्या पुढं ठेवलं.

"वैनी, हे जोतिबाचं हाय."

"हाय की. त्यो आला तर दुसरं वाढीन, पीठ काय सरलं न्हाई. कवाधरनं स्वतःच्या हातच्या कच्च्या भाकऱ्या खाताय, आळीत सगळ्यांस्नी ठाव हाय. खावा आता. निवायच्या आत खावा."

आकारामनं हात धुतले. भाकरी मोडली. आमटीत मीठ जास्त पडलं होतं. भाऊसो पोथी मांडीवर घेऊन दुसरीकडं बघत बसला. आकारामनं दुसरा घास घेतला, मग तिसरा. चौथ्या घासाला त्याचा हात थांबला, तशी हरणाबाई म्हणाली, "खावा," आणि त्यानं तो घास तोंडात घातला.